मोहाखालचा पहारा

पहाऱ्यावर असताना मी खर्रा आणायला उठून गेलो. परत आलो तेव्हा आमच्यातल्या एका बाईला अस्वलाने मारलं होतं.

ती बाई कागदावरची होती, अस्वल डॉक्टरच्या डोक्यातलं होतं आणि ते सगळं जंगल गुरुजींच्या ओसरीवर अंथरलेल्या चटईएवढं होतं. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर कोणी भला माणूस वनखात्याला कळवायला निघायचा. पण त्या बाईच्या मरणावरून पुढच्या आठ दिवसांत माझ्या मित्रांनी माझ्याशी जे केलं, ते मी अजून विसरलेलो नाही. केस पांढरे झाले, निम्मे दात गेले (ते खर्र्यातल्या तंबाखूनेच), पण ते दुखणं जागच्या जागी आहे.

तेव्हा मी धानोऱ्याला एका सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक होतो. गडचिरोली जिल्हा नवा नवा होता. आमच्याकडे खुर्च्या आल्या होत्या, टेबलं यायची होती. फायली मांडीवर घेऊन आम्ही शासन चालवत होतो. रविवार मात्र चालता चालत नसे. चंद्रपूरला घरी जावं तर अर्धा दिवस एसटीत जायला आणि अर्धा यायला. म्हणून मी गावातच पडून राहायचो, आणि माझ्यासारखेच पडून राहिलेले आणखी दोघे होते. एक सरकारी दवाखान्यातला डॉक्टर, पुण्याकडचा, नुकताच पास होऊन आलेला. दुसरा रेंजर, नागपूरचा, जंगलात वाघाला न भिणारा आणि घरून आलेल्या पत्राला भिणारा. शिवाय गुरुजी, प्राथमिक शाळेतले. गोंडपिपरीकडच्या बौद्ध शेतकरी घरातले, अत्यंत मऊ माणूस. त्यांचं बिऱ्हाड तिथेच होतं, बायको होती, म्हणजे चहा होता. त्यामुळे आमचा अड्डा त्यांच्या ओसरीवर.

हा खेळ आणला डॉक्टरने. त्याच्या अमेरिकेतल्या मामाने एक खोका पाठवला होता. आम्हाला वाटलं टेपरेकॉर्डर असेल. निघालं एक इंग्रजी पुस्तक आणि चार-पाच विचित्र फासे. त्यातल्या एकाला तर वीस बाजू. पट नाही, सोंगट्या नाहीत, पत्ते नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. "समोर नदी आहे, काय करतोस?" असं त्याने विचारलं की आपण काय ते सांगायचं, जमलं की फसलं ते फासा ठरवणार. कोणी जिंकत नाही. पण मरतात. आणि मेलं पात्र परत येत नाही, ते महिनोन्महिने कितीही जिवापाड वाढवलेलं असो.

पहिल्याच दिवशी रेंजरने ड्रॅगनवर हरकत घेतली.

"हा जनावर आपल्या रेंजमधी नाई."

"अहो, हा खेळ आहे," डॉक्टर म्हणाला.

"असन. पण जंगल माहं हाय. माह्या जंगलात जे फिरते तेच येईन."

म्हणून ड्रॅगनची बदली झाली आणि त्या जागी अस्वल रुजू झालं. ते जास्त वाईट. वाघ माणूस पाहून बाजूला होतो. अस्वल सरळ तोंडावर येतं, हे आमच्याकडे पोरंसोरंही सांगतील. पुस्तकातले गुणांचे हिशेब किचकट होते, तेव्हा जीव मोजायला आम्ही चिंचोके घेतले. प्रत्येकाच्या पुढे आपापला ढीग. लागलं की चिंचोके जायचे, पराक्रम केला की मिळायचे, संपले की माणूस संपला.

रेंजर झाला वैदू. मी झालो हेर. म्हणजे कागदावर हेर, खरं तर चोर. आणि गुरुजींनी, साहेब शाळेत आला की ज्यांची टोपी आपोआप हातात यायची त्या गुरुजींनी, निवडली एक तिरंदाज बाई. ती कोणाचं ऐकायची नाही. राजाने इनाम म्हणून कमी सोनं दिलं तर तिने भर दरबारात मोजून परत केलं. आमच्या तिघांत तिच्यापुढे चिंचोके सगळ्यांत जास्त. मी मनात म्हणायचो, वा गुरुजी, बाहेरून दही आणि आतून मिरची!

एकच भानगड होती. कुठलाही मोठा निर्णय आला की गुरुजी उठायचे. "पानी पिऊन येतो जी," म्हणून आत जायचे, आणि परत आले की ठणकावून बोलायचे. मला वैताग यायचा. एकदा विचारलंसुद्धा, "गुरुजी, शुगर-गिगर तं नाई ना तुमाले?" शेवटी माझ्यातला लिपिक जागा झाला. एक कोरं रजिस्टर आणून मी नियमावली लिहिली. नियम एक: चटईवरून जो उठेल, त्याचे पात्रही त्या जागेवरून उठले असे समजण्यात येईल. नियम दोन: गैरहजर सभासदाचे पात्र हजर सभासद चालवतील व त्यांचा निर्णय अंतिम राहील. हा दुसरा नियम रेंजरसाठी होता, कारण त्याला केव्हाही दौऱ्यावर पळावं लागायचं. खाली चौघांच्या सह्या घेतल्या. शिक्का नव्हता, नाहीतर तोही मारला असता.

त्यानंतर गुरुजींचं पाणी थांबलं. त्यांनी आपली जागा बदलली आणि घरात जायच्या दाराला, तिथल्या पडद्याला पाठ टेकून बसू लागले. मला वाटलं, हवेसाठी.

आता इथे एक गोष्ट सांगून टाकतो, जी मला त्या वेळी ठाऊक नव्हती. ती तिरंदाज बाई गुरुजी खेळतच नव्हते. ती खेळत होती त्यांची बायको. पडद्याआडून. दरबारात सोनं परत केलं ते तिने. गुरुजी नुसते तोंड. साहेबलोकांत चटईवर येऊन बसायचा तिला संकोच होता, आणि "बसा" असं कोणी म्हटलंही नव्हतं. उलट पहिल्याच रविवारी चहाचा कप घेताना मी मोठ्याने बोललो होतो, "हा खेळ बायांच्या डोक्याचा नाई जी." डॉक्टरला खरा प्रकार दुसऱ्या रविवारी कळला. रेंजरला तिसऱ्या. मी चौदा महिने तिथे बसत होतो, आणि मला पडद्यामागे बांगड्या वाजल्या की मांजर वाटायचं. आणि पात्र कोणतं घेतलं होतं मी? हेर.

तर तो रविवार. चैत्र महिना, दुपारचे तीन. गोष्टीत आम्ही रानात मुक्कामाला होतो, आणि मुक्कामाची जागा मी निवडलेली. मोठ्या मोहाच्या झाडाखाली, सावली बघून.

"मोहाखाली झोपू नोको बे," रेंजर म्हणाला. "फुलं पडून राह्यली हायेत. अस्वल येते."

"मी हावो ना पहाऱ्यावर!" मी म्हटलं. "झोपा तुमी बिनघोर."

गुरुजींनी मागे पडद्याकडे मान कलती केली, क्षणभर थांबले, मग म्हणाले, "ती इचारते... म्हंजे, माही तिरंदाज इचारते, नक्की जागसान का?"

"लिहून देऊ का?"

तिरंदाज झोपली. वैदू झोपला. डॉक्टरने सांगितलं, पहाट होत आली आहे, मोहाचा वास सुटला आहे. आणि नेमका माझ्या तोंडातला खर्रा संपला. ज्याला हे व्यसन नाही त्याला यातलं गांभीर्य कळणार नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र करून घोटायचा असतो, ठेलेवाला तो तब्येतीत घोटतो, आणि घाई केली तर रागावतो. मी उठलो.

"पहाऱ्यावर आहेस ना तू?" डॉक्टर म्हणाला.

"आलोच."

"माह्यासाठी बी आण," रेंजर म्हणाला. हे वाक्य लक्षात ठेवा. ते मी पुढे कित्येकदा वापरलं, काही उपयोग झाला नाही.

ठेल्यावर रेडिओवर क्रिकेटचा सामना चालू होता. पाच षटकं उरली होती. घोटणारा हात कॉमेंटरीच्या तालावर चालत होता, मधेच थांबत होता. मी सामना संपवून आलो. जिंकलो, एवढीच त्या दिवसातली चांगली बातमी.

मी ओसरीवर परत आलो. डॉक्टरने सरळ सांगितलं. फुलं वेचायला अस्वल आलं. पहाऱ्यावर कोणी नव्हतं. तिरंदाजला जाग येते का म्हणून फासा टाकला, वीसपैकी दोन पडले. वैदू झाडावर चढला. ती उठली तेव्हा धनुष्य अस्वलाच्या पायाखाली होतं.

गुरुजी एकेक चिंचोका उचलून चटईच्या मधोमध ठेवत होते. मोजत नव्हते, नुसते ठेवत होते. आत कुठेतरी भांडं पडलं. मी म्हटलं, "मांजर वाटते."

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी वकिली सुरू केली. अस्वल कोणी आणलं? डॉक्टरने. फासा कोणी टाकला? डॉक्टरने. खर्रा कोणी मागवला? रेंजरने. "मी काय तिले मारलं का? मी तं तिथी नव्हतोच."

"तेच म्हणतोय मी," डॉक्टर म्हणाला. "तू तिथे नव्हतास."

"मंग माह्या पात्राले काही लागलं नाई ना? नियम एक! मी उठलो म्हंजे तोही उठला. माहे चिंचोके पूर्ण."

आज हे लिहिताना कानाची पाळी गरम होते. पण त्या दिवशी मी खरंच माझा ढीग मोजून पाहिला आणि एकोणीस भरल्यावर समाधानाने मांडीशी ओढला.

गुरुजी हळूच म्हणाले, "आमच्याकडे धानाची राखन असते तं राखनदार मचानावरून उतरत नाई जी. भाकर बी त्याले वरतच नेऊन देते. हिनं बी राखन केली हाय लहानपनी, डुकरांपासून."

"हे काय धान होय का गुरुजी? खेळ हाय. नवी बाई बनवा, कागद देतो मी." आणि वातावरण हलकं करावं म्हणून वर जोडलं, "तेरवीचं जेवन कवा मंग?"

"आमच्यात तेरवी नसते जी," गुरुजी म्हणाले, आणि कप आत घेऊन गेले.

त्या आठवड्यात काय झालं ते मी नंतर जुळवलं. बुधवारी रेंजर माझ्या कचेरीत आला. मांडीवरची फाईल बाजूला सारून मी त्याला चहा पाजला. तो पाऊण तास बसला, तेंदूपत्त्याच्या ठेकेदारांना शिव्या दिल्या, माझ्या पाठीवर थाप मारून गेला. त्या डावाबद्दल एक शब्द बोलला नाही. गुरुवारी खोकला झाला म्हणून दवाखान्यात गेलो. डॉक्टरने छाती तपासली, जीभ पाहिली, खर्रा सोड म्हणून सांगितलं, गोड औषध दिलं. त्याच्याही तोंडून काही नाही. बाजाराच्या दिवशी गुरुजी भेटले, सोबत बायको होती, टोपलीत वांगी होती. मी म्हटलं, "रविवारी येतो जी." गुरुजी म्हणाले, "या ना." ती वांग्यांकडे बघत होती.

तिघांचे तिन्ही चेहरे मला आजही दिसतात, आणि एकावरही काही लिहिलेलं दिसत नाही. राग त्याचाच येतो. तोंडावर भांडले असते तर भांडणात मी कोणाला हार गेलो नसतो. चहा माझा प्यायचा आणि शिजवायचं माझ्याच पाठीमागे, याला काय म्हणावं?

रविवारी मी नेहमीप्रमाणे तीनला पोचलो. मनात जरा टोचत होतं, म्हणून सगळ्यांसाठी खर्रा घेतला होता. डॉक्टर खात नाही, तरी त्याच्यासाठीही. ओसरीवर पाहतो तर खेळ रंगात. डावाची वेळ दोनची केली होती. मला सोडून सगळ्यांना माहीत. आणि खांबाजवळ, चौदा महिने जिथे मी बसत होतो तिथे, गुरुजींची बायको बसली होती. पदर खोचलेला, हातात वीस बाजूंचा फासा. पुढे चिंचोक्यांचा मोठा ढीग.

पडदा बाजूला बांधून ठेवला होता. आत मांजर नव्हतं, कधीच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

"या भाऊ," ती म्हणाली, आणि फासा टाकला. सतरा पडले. रेंजर "वा!" म्हणाला.

मला काय चाललंय ते उमगायला वेळ लागला. तिरंदाज जिवंत होती. आणि माझ्या हेराचा कागद चटईच्या कडेला उपडा पडला होता, त्यावर चहाचा कप ठेवलेला.

डॉक्टरने समजावून सांगितलं, अगदी रोग्याच्या नातेवाइकाला सांगतात तसं. पुस्तकाच्या शेवटी, तोवर कोणी वाचला नव्हता असा एक उपाय होता. मेलेल्याला उठवता येतं. पण सोबत्यांपैकी कोणीतरी आपला जीव त्याला द्यायचा, आणि तोही राजीखुशीने.

"राजीखुशीनं? मले कोनी इचारलं?"

"तुले कायले इचारू?" रेंजर म्हणाला. "तुह्या पात्राले इचारलं ना. तयार झाला गडी."

"त्याच्याकडून बोललं कोन?"

"मी. काय बोलला बे तो! म्हने, 'चूक माही होती. मी पहारा सोडून गेलो. माहा जीव घ्या, पन तिले उठवा.' असा म्हनला, मोहाखाली बसला आन् डोये मिटले. माह्याच डोयात पानी आलं."

माझं पात्र असं बोलणं शक्य नव्हतं. चौदा महिने मी त्याला घडवलं होतं. अंग काढून घेणं, दुसऱ्याकडे बोट दाखवणं, वेळ आली की तिथे नसणं, हे सगळं त्याला मी माझ्या हाताने शिकवलं होतं. "चूक माझी होती" ही भाषा त्याला येत नव्हती, कारण ती मलाच येत नव्हती. माझ्या माणसाच्या तोंडून त्यांनी माफी मागवली, त्याला चांगला केला आणि मग मारला. नुसता मारला असता तर एवढं लागलं नसतं.

मी नियम काढायच्या आत गुरुजींनी रजिस्टर पुढे केलं. उघडूनच ठेवलं होतं. नियम दोन: गैरहजर सभासदाचे पात्र हजर सभासद चालवतील व त्यांचा निर्णय अंतिम राहील. अक्षर माझं. खाली पहिली सही माझी, लफ्फेदार. 'अंतिम' या शब्दाखाली मीच तेव्हा दोनदा रेघ ओढली होती.

"पन वेळ बदलली ते मले काऊन नाई सांगितलं?"

"तू असतास तर तू गैरहजर कसा झाला असतास?" डॉक्टर म्हणाला. पुण्याची माणसं अशी बोलतात.

मी उभाच होतो. हातात खर्र्याच्या चार पुड्या. रेंजरने त्यातली एक शांतपणे काढून घेतली. मग माझा तोल गेला. मी जे तोंडात येईल ते बोललो. रेंजरला म्हटलं, बुधवारी माझा चहा पिताना घशाखाली कसा उतरला? डॉक्टरला म्हटलं, ज्या हाताने छाती तपासली त्याच हाताने... गुरुजींना म्हटलं, बाजारात "या ना" म्हणालात, ते काय म्हणून? "तुमी तिघं... चौघं! आठ दिवस माह्या नाकाखाली हे सारं शिजवत होते. गावाले ठाऊक, मले पत्ता नाई! आन् ह्या बाई वर्षभरापासून खेळून राह्यल्या, तेही मले कोनी सांगितलं नाई! दोस्त म्हनते का याले?"

 मला वाटलं, लागलं बरोबर. गुरुजी खाली बघू लागले. डॉक्टर चष्मा पुसू लागला. आता कोणीतरी "बस रे, चूक झाली" म्हणेल आणि मी आढेवेढे घेऊन बसेन, अशी मी मनात तयारीही केली.

गुरुजींच्या बायकोने हेराच्या कागदावरचा कप उचलला, त्याशेजारचे माझे एकोणीस चिंचोके आपल्या ढिगात नीट सारले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

"भाऊ, पहाऱ्यावर तं तुमीच होते ना?" ती म्हणाली. "मंग तुमालेच काऊन नाई समजलं?"